थैली पुढ्यात आली की पोटात गोळा येतो

मावशी, सलाम.

मी पिंपरीला राहते. आम्ही पिढीजात ख्रिस्ती. मिस्टर भोसरीला एका कंपनीत आहेत, हातात ३८,००० येतात. मी घरी ब्लाउज शिवते, त्याचे महिन्याला चार-पाच हजार सुटतात. पगार झाला की हे दशांशाचे ३,८०० बाजूला काढतात. त्याला मी कधी नाही म्हटलं नाही. पण त्यावर वाढदिवसाचं आभारदान, महिला संघाची वर्गणी, बाहेरचे सुवार्तिक आले की विशेष अर्पण. गेल्या हंगामाच्या सणाला ह्यांनी लिलावात एक भोपळा २,१०० रुपयांना घेतला. तिथेच मंडपात उभं राहून मंदिराच्या छपरासाठी २५,००० जाहीर केले. मला विचारलं नाही. त्या महिन्यात सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या मी मेडिकलवाल्याकडून उधार आणल्या. छपराचं काम अजून सुरूही नाही आणि हिशेब विचारला तर लोक म्हणतील, बाई उद्धट आहे.

पाळकसाहेब म्हणतात, संतोषानं द्या. मला संतोष होत नाही. उपासनेत अर्पणाची थैली पुढ्यात आली की पोटात गोळा येतो. पैसे टाकते आणि घरी येऊन भांडी आपटते. ह्यांच्यापाशी बोलले तर म्हणतात, तुझा विश्वास कमी. असं दिलेलं देवाला पोचतं का? की मनात आनंद येईपर्यंत देऊच नये?

तुमची एक वाचक

•

सलाम गं.

भोपळ्यापासूनच सुरुवात करते, कारण खरं ठसठसतंय ते तिथं.

हंगामाच्या सणाचा लिलाव मला स्वतःला फार आवडतो. उपासना संपलेली असते, लेकरं उसाच्या कांड्यांवर डोळा ठेवून बसलेली असतात, आणि पंचांपैकी जो सगळ्यात मोठ्या आवाजाचा तो टेबलाशी उभा राहतो. कोंबडा, ज्वारीची कणसं, कुणी घरी केलेला केक, शेवयांचं पाकीट, आणि तो भोपळा. बाजारात चाळीस-पन्नासला मिळणारा. दोन गडी ईर्ष्येला पेटतात, ‘एक वार, दोन वार’ होतं, तिसरं वार म्हणायच्या आत मागून कुणीतरी शंभर चढवतो, आणि सगळा मंडप खिदळतो. भोपळ्याला ती किंमत नसते हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, गंमतच ती. पण तुझ्या बाबतीत झालं असं की हसला सगळा मंडप आणि भुर्दंड पडला तुझ्या डब्यातल्या पैशांना. नवऱ्याच्या नावानं टाळ्या वाजत होत्या तेव्हा तू मागच्या रांगेत गोळ्यांच्या पाकिटाचा हिशेब करत होतीस. अशा वेळी पोटात गोळा आला नसता तरच मला नवल वाटलं असतं. त्याला विश्वास कमी असणं म्हणत नाहीत.

आता ज्या वचनावरून तुला टोचणी लागली आहे ते नीट वाचू. बायबलातलं करिंथकरांस दुसरं पत्र, नववा अध्याय, सातवं वचन: ‘प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी मनाने किंवा देणे भाग पडते म्हणून देऊ नये, कारण संतोषाने देणारा देवाला आवडतो.’ आपल्याकडे दानाच्या पाकिटावर यातला शेवटचा तुकडा छापतात. पहिले दोन तुकडे जागा पुरत नाही म्हणून राहतात की सोयीचे नाहीत म्हणून, देव जाणे. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलानं आधी ‘मनात ठरवल्याप्रमाणे’ म्हटलंय, मग ‘भाग पडते म्हणून नको’ म्हटलंय, आणि या दोन्ही गोष्टी झाल्यावर मग संतोषाचं नाव काढलंय. तू जे देते आहेस ते तू ठरवलेलंच नाहीस. ते मंडपात, माईकवर, दुसऱ्यानं ठरवलं. त्यात तुझा संतोष कुठून येणार?

हे पत्र कशासाठी लिहिलं होतं तेही बघ. यरुशलेमेतल्या गोरगरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल मदत गोळा करत होता. करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीनं वर्षभरापूर्वी मोठ्या उत्साहानं ‘आम्ही देतो’ म्हणून सांगितलं आणि मग गाडी अडली. उलट तिकडे मासेदोनियातल्या मंडळ्या, म्हणजे फिलिप्पै, थेस्सलनीका वगैरे, स्वतः अतिशय दारिद्र्यात होत्या आणि तरी त्यांनी ‘आम्हालाही यात वाटा द्या’ म्हणून पौलाच्या मागे लकडा लावला. पौल हे करिंथकरांना ऐकवतो. ऐकवताना चिमटाही काढतो: मासेदोनियाचे लोक माझ्याबरोबर आले आणि तुमची तयारी दिसली नाही तर खाली बघायची वेळ येईल, असं स्पष्ट लिहितो. तेव्हा आपले पाळकसाहेब थोडं टोचून बोलले तर लगेच रागावू नकोस, ती परंपरा जुनी आहे! पण तोच पौल आठव्या अध्यायात हेही सांगून ठेवतो की जवळ असेल त्या मानानं दिलेलं मान्य होतं, नसेल त्याचा हिशेब धरला जात नाही. आणि दुसऱ्यांचं ओझं हलकं करताना ते तुमच्यावर लादावं असा माझा हेतू नाही. छपराच्या २५,००० ना हे वचन लावून बघ.

आमच्या गावाकडच्या मंडळीत एक आजी होत्या. नगर जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, पेन्शन नाही, मुलगा ऊसतोडीला जाणारा. त्यांनी आपल्या चार कोंबड्यांतली एक पांढरी देवासाठी वेगळी काढली होती. वेगळी म्हणजे काय, खुराड्यात सगळ्यांबरोबरच असायची, पण तिची अंडी घरात कुणी शिजवायची नाहीत. रविवारी त्या अंडी धुवट रुमालात बांधून आणायच्या आणि वेदीपुढच्या टेबलावर गाठ सोडायच्या. कधी पाच, कधी तीन. एकदा पांढरी खुडुक बसली आणि आजी तीन-चार रविवार रिकाम्या हातानं आल्या. कुणीतरी खोचकपणे विचारलं, ‘काय आजी, देवाचा वाटा बंद?’ आजी म्हणाल्या, ‘देवाच्या कोंबडीनं सुट्टी घेतली, त्याला मी काय करू? तुम्ही त्यालाच इचारा.’ आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की विचारणाराही ओशाळला.

त्या आजींना मी देताना कधी आंबट तोंडानं पाहिलं नाही. आणि हे सगळं काही त्यांच्या गोड स्वभावामुळे होतं असं समजू नकोस. सुनेशी त्यांचं रोज वाजायचं. त्यांचं फक्त एक होतं की काय द्यायचं ते एकदा, घरी, स्वतःच्या अंगणात ठरलं होतं. दर रविवारी नव्यानं झगडायचं नव्हतं. बाकीच्या तीन कोंबड्यांची अंडी नातवंडांनी खाल्ली तर त्यांना अपराधी वाटत नव्हतं, आणि पांढरीनं अंडं दिलं नाही तर शेजारणीकडून विकत आणून इभ्रत राखायची गरज वाटत नव्हती.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: आनंद येईपर्यंत थांबू नकोस, आणि आनंद झाल्याचं नाटकही करू नकोस. आनंद आपल्या हातात नसतो हे तुझं खरं. किती द्यायचं, कुणाला द्यायचं, कधी ठरवायचं आणि दिल्यावर घरी येऊन काय करायचं, हे मात्र हातात असतं. पौलानं पहिल्या पत्रात, सोळाव्या अध्यायात करिंथकरांना सांगितलं होतं की दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीच्या मानानं घरीच काढून ठेवत जा, म्हणजे मी आल्यावर पैसे गोळा करत बसायला नको. थैली पुढ्यात यायच्या आधी प्रकरण मिटलेलं असावं, एवढाच त्याचा व्यवहार. पगाराच्या दिवशी दोघांनी बसा. सासूबाईंच्या गोळ्या, लेकरांची फी, किराणा, हप्ता, हे सगळं कागदावर मांडा. मग मंडळीला किती हे एका आकड्यात लिहा आणि त्या महिन्यासाठी तो आकडा बंद करा. पाहुणे सुवार्तिक आले, कितीही रडून साक्ष दिली, तरी पर्स उघडायची तर त्या आकड्यातूनच. नाही म्हणायची मोकळीक असल्याशिवाय हो म्हणण्यात गोडी येत नाही. लिलावालाही तेच: घरून निघतानाच ठरवून जा, यंदा पाचशेच्या वर बोली नाही. मग पाचशेपर्यंत खुशाल ओरडू दे त्यांना, तूही ओरड.

आणि तुझ्या वाटणीचंही सांगते, रागवू नकोस. एकदा दोघांनी ठरवलं, टाकलं, की मग भांडी आपटायची नाहीत. दिलेले पैसे घरी येऊन मनात परत मोजणं ही एक सवय असते आणि ती मोडता येते. दुसरं म्हणजे, नवऱ्याचा भोपळा पुढे करून आपला हात आखडता घ्यायचा मोहही होतो. ‘ह्यांनी एवढे उडवले, आता मी कशाला देऊ’ म्हणत शेजारच्या आजारी बाईला पन्नास रुपयांची फळं न्यायचीही राहून जातात. तुझं तसं झालंय असं मी म्हणत नाही. पण बघ जरा.

दशांशाबद्दल तू थेट विचारलेलं नाहीस, तरी ‘नाही म्हटलं नाही’ या शब्दांत बरंच काही आलं. मंडळ्यामंडळ्यांत याबद्दल मतं वेगळी आहेत. माझं मत विचारशील तर दहावा हिस्सा ही चांगली सवय आहे, पण तो पठाणी वसुलीसारखा मागितला की मला राग येतो. मलाखीचं तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन, ‘सगळा दशमांश भांडारात आणा’, व्यासपीठावरून आपण शेकडो वेळा ऐकतो. त्याच अध्यायातलं पाचवं वचन कधी ऐकलंस? मजुराची मजुरी अडवणाऱ्यांवर, विधवा-पोरक्यांना आणि परक्यांना नाडणाऱ्यांवर देव तिथे साक्षी उभा राहतो. कामवालीचा पगार दहा तारखेपर्यंत लटकवून एक तारखेला दशांश भरणारे लोक मी पाहिलेत. आणि जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चौदावा अध्याय तर आपल्या लोकांनी एकदा मोठ्यानं वाचायलाच हवा. तिथे दशमांश कसा द्यायचा? देवानं निवडलेल्या ठिकाणी जायचं आणि तिथे आपल्या कुटुंबासह तो खायचा! ठिकाण लांब असेल तर पीक विकून पैसे घेऊन जा आणि तिथे जिवाला आवडेल ते घेऊन देवासमोर खा-प्या, आनंद करा, असं लिहिलंय. गावातल्या लेव्याला, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातल्या माणसाला, विसरू नका, हेही आहेच. आणि दर तिसऱ्या वर्षी तो हिस्सा लेवी, परके, पोरके आणि विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून गावातच ठेवायचा. म्हणजे त्या दशमांशाच्या पंगतीत देणाऱ्याची बायकापोरंही बसलेली होती. तुझ्या घरातला दशांश निघतो तेव्हा तू पंगतीत नसतेस, उष्टी काढायला असतेस.

सासूबाईंच्या गोळ्यांवर मात्र मी वाद घालूच देणार नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, याच गोष्टीवरून झापतो: आईबापांच्या उपयोगी पडलं असतं ते ‘देवाला वाहिलं’ म्हणून सांगायचं आणि आईबापांना वाऱ्यावर सोडायचं, असं करून तुम्ही देवाचं वचन रद्द करता. त्या गोळ्या आधी, थैली नंतर. हे वचन मिस्टरांना तू वाचून दाखवू नकोस, बायकोनं वाचून दाखवलं की वचनाचं भांडण होतं. सासूबाईंना वाचायला सांग.

मिस्टरांवर मी एवढं बोलले, पण त्यांची बाजूही मला कळते. दिवसभर मशीनपाशी उभा राहणारा माणूस, सुपरवायझर नावानंही हाक मारत नाही, आणि इथे मंडपात सेक्रेटरी माईकवरून त्याचं पूर्ण नाव घेतात, टाळ्या पडतात. कुणाचीही छाती फुगेल. त्यात देवावरचं प्रेमही असेल, खरंखुरं असेल. दोन्ही एकत्रच असतं बहुधा. आपल्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच बघ. नगरला असताना घरात पैसा आला की तो कुणा गरजूच्या हाती जाई. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला. माणूस संत, यात शंका नाही. पण त्या संतपणाखालचा संसार कुणी रेटला, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, आणि तेही हसतहसत. मी ते वाचताना हसते, आणि मग प्रत्येक वेळी टिळकांवर थोडी चिडतेही.

तर बोलायचं आहे ते रविवारी दुपारी नको. रविवारी माणूस उपदेशाच्या भरात असतो. पगाराच्या दिवशी, जेवणं झाल्यावर बोल. भोपळा काढू नकोस. ‘तुम्ही द्यायला मला हरकत नाही, मला तुमच्याबरोबर द्यायचंय, मागाहून कळायला नकोय’ एवढंच सांग. आणि तुझे शिवणाचे चार-पाच हजारही त्याच कागदावर ठेव, वेगळे लपवू नकोस. तुला विचारावं असं वाटत असेल तर तुझंही उघडं असायला हवं.

राहिले २५,०००. शब्द दिला गेलाय, तो मोडावा असं मी म्हणणार नाही. पण त्यासाठी सोनं गहाण टाकायचं नाही, कुणाकडून उचल घ्यायची नाही. दोघं मिळून पाळकसाहेबांकडे जा, आणि तोंडावर सांगा: एकदम होणार नाहीत, महिना हजार देऊ. हजारही जड असेल तर आकडा कमी करून घ्या. इथे लोक हनन्या-सप्पीरा या नवरा-बायकोची भीती घालतात, वतन विकून थोडे पैसे मागे ठेवले आणि प्राण गेला म्हणून. प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा अध्याय उघड. प्रेषित पेत्र हनन्याला काय म्हणतो? ते वतन विकायच्या आधीही तुझंच होतं आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच ताब्यात होते. मागे ठेवल्याचा दोष तिथे नाहीच, सगळं दिल्याचं खोटं सोंग केल्याचा आहे. तुम्ही तर खरं सांगायला चाललाय. चांगला पाळक उलट म्हणेल, बरं झालं आलात, चहा घ्या. नाही म्हणाला तर ती त्याची अडचण, तुमची नव्हे.

‘दहा द्या, देव शंभर देईल’ म्हणणाऱ्या पाहुण्या सुवार्तिकांबद्दल मी फार शाई खर्च करत नाही. ती भिशी झाली.

आता थोडं तुझ्यापुरतं. संतोष लांबून येत नाही, जवळ जाऊन बघावं लागतं. छपराचा पत्रा तुझ्याकडे बघून हसणार नाही. मिझोराममध्ये ख्रिस्ती बायकांची एक रीत आहे, बुहफाई थाम म्हणतात तिला. १९१० च्या सुमारास सुरू झाली. रोजचा भात लावताना मापातले तांदूळ भांड्यात पडायच्या आधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची, आणि जमलेले तांदूळ मंडळीला द्यायचे. ते विकून येणारा पैसा आजही तिथल्या मंडळीच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे. रोख रक्कम ज्यांच्या हाती नव्हती अशा बायकांनी हे उभं केलं. मूठ त्यांची, डबा त्यांचा, कुणाला विचारायला जायचं नाही. तुझ्याकडे मशीन आहे. दृढीकरणाच्या, म्हणजे मोठी होणारी मुलं मंडळीसमोर आपला विश्वास कबूल करतात त्या विधीच्या, वर्गात यंदा अशी एखादी मुलगी असेलच की जिच्या आईला पांढरा ड्रेस शिवून घेणं परवडत नाही. गुपचूप माप घे, शिव, पाकिटात घालून दे. नाव वाचलं जाणार नाही, पावती मिळणार नाही. ड्रेस अंगात घालून ती आरशासमोर गिरकी घेईल, ती तू बघशील, आणि त्या दिवशी भांडी आपटायला तुला सुचणार नाही, असा माझा अंदाज आहे.

हिशेबाचं विचारलंस. त्यात उद्धटपणा कसला? यरुशलेमेचे पैसे नेताना पौलानं एकट्यानं नेले नाहीत; तीताबरोबर मंडळ्यांच्या विश्वासातले दोन भाऊ दिले, आणि कारणही लिहिलं, एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी आमच्यावर बोट ठेवू नये म्हणून. पौलाला जे कमीपणाचं वाटलं नाही ते आपल्या खजिनदारांना का वाटावं? शिवाय आपल्याकडे पुष्कळ मंडळ्यांचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या ट्रस्टमार्फत चालतो. अशा ट्रस्टला हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांकडे द्यावाच लागतो, म्हणजे कागद कुठेतरी असणारच. वार्षिक सभेत, कामकाजाच्या वेळी, बसल्या जागी हात वर कर आणि शांतपणे विचार: छपराचे जमा किती, खर्च किती, काम कुणाला दिलंय, सुरू कधी. महिला संघातली आणखी एखादी शेजारी बसवून घे, एकटीचा आवाज दाबतात. आणि जायच्या आधी यंदाची वर्गणी भरून पावती पर्समध्ये ठेव. वर्गणी थकलेल्याला पंच पहिल्याच वाक्याला खाली बसवतात.

तुझी मावशी